महापौराने दिलेली खोली

आपल्या पोरांत एक भांडण दर दोन-तीन वर्षांनी होतंच होतं. महापालिकेचा पैसा घ्यायचा की नाही? संमेलनाला घ्यायचा का, पथनाट्याला घ्यायचा का, अंकाला जाहिरात घ्यायची का? एक जण म्हणतो, घरपट्टी-पाणीपट्टी आपल्याच बापानं भरलीय, घ्या बिनधास्त. दुसरा म्हणतो, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. आज चेक घ्याल, उद्या त्याच्याच व्यासपीठावर त्याची आरती ओवाळाल. रात्रभर चहा होतो आणि सकाळी दोघेही जिथल्या तिथं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं आणि दोघांचाही कंटाळा येतो. कारण दोघंही धरून चालतात की देणारा हात कायम त्यांचाच असणार, घेणारा कायम आपलाच. समजा, देणारा हातही आपला असला तर? खुर्चीवर आपल्यातलाच, शिकलेला, स्वाभिमानी, कलेची खरोखर चाड असलेला माणूस बसला, आणि त्यानं शाल-नारळ देऊन वाटेला न लावता कलेच्या मागं वर्षानुवर्षं उभं राहायचं ठरवलं, तर काय होतं?

हे घडून गेलेलं आहे. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात. महापौराचं नाव मेनार्ड जॅक्सन. १९७३ च्या निवडणुकीत हा पस्तीस वर्षांचा काळा वकील निवडून आला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुठल्याही मोठ्या शहराचा हा पहिला काळा महापौर. १९७४ ते १९८२ आणि पुन्हा १९९० ते १९९४, अशा तीन मुदती त्यानं भोगल्या. १९७२ साली आपण पँथरचं नाव घेतलं, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढं ऑकलंडची बंदूक होती. पण बंदूक न घेता मतपेटीतून सत्ता आलेल्या काळ्यांचं काय झालं, हे प्रकरण आपल्या जास्त कामाचं आहे. आपण त्याच वाटेवर आहोत म्हणून.

आधी हे शहर काय होतं ते बघा. १५ डिसेंबर १९३९ ला 'गॉन विथ द विंड' या सिनेमाचा पहिला खेळ अटलांटात झाला. गुलामांच्या मालकांचे ते सोन्याचे दिवस कसे गेले हो, असं गळा काढून सांगणारा सिनेमा. सगळं शहर सजलं होतं. त्यात मोलकरणीचं काम करणारी हॅटी मॅकडॅनियल, जिला पुढं त्याच कामासाठी ऑस्कर मिळालं, ती आपल्याच सिनेमाच्या खेळाला येऊ शकली नाही. थिएटर गोऱ्यांचं. आदल्या रात्री गोऱ्या प्रतिष्ठित बायांच्या मंडळानं नाचाचा जलसा ठेवला होता. तिथं करमणुकीला काळ्यांच्या एका चर्चमधला गाणाऱ्यांचा ताफा आणला, आणि त्यांना गुलामांचे कपडे चढवून उभं केलं. त्या पोरांमध्ये दहा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग होता. हा त्या शहराचा कलेला आश्रय! आपल्याकडं गावच्या पाटलानं पाडव्याला महाराच्या पोरांना वाजवायला बोलवावं आणि कलेची कदर केली म्हणावं, तसला.

नंतर चेहरा बदलला. ३ जून १९६२ ला पॅरिसजवळच्या ओर्ली विमानतळावर एक विमान जळालं. युरोपातली चित्रं, संग्रहालयं बघून घरी निघालेले अटलांटाचे शंभरावर कलाप्रेमी त्यात गेले. त्यांच्या आठवणीसाठी शहराच्या धनिकांनी पैसा उभा केला आणि १९६८ मध्ये भलंथोरलं कलाकेंद्र बांधलं. मेलेल्यांबद्दल वाकडं बोलू नये आणि मी बोलत नाही. पण कला म्हणजे शहराच्या बड्या लोकांनी बड्या लोकांसाठी चालवायची गोष्ट, हा हिशेब तिथं दगडामातीत पक्का झाला. १९७२ च्या जानेवारीत त्याच केंद्रात स्कॉट जॉप्लिन या काळ्या संगीतकाराची 'ट्रीमोनिशा' ही संगीतिका पहिल्यांदा पुरती रंगमंचावर आली. जॉप्लिन वारला १९१७ ला. म्हणजे काळ्या माणसाला आत घेतलं, पण मरून पंचावन्न वर्षं झाल्यावर.

जॅक्सन या शहरात वाढला तो वेगळ्या घरात. त्याचा आईकडचा आजा जॉन वेस्ली डॉब्ज हा गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा, रेल्वेच्या टपालात कारकून. ऑबर्न ॲव्हेन्यू या काळ्यांच्या पेठेचा बिनखुर्चीचा महापौर म्हणून तो ओळखला जाई. काळ्यांची नावं मतदार यादीत घालायला त्यानं जन्म घातला. त्याला सहा मुली. त्यातली मॅटिविल्डा डॉब्ज शास्त्रोक्त गायिका झाली आणि १९५३ मध्ये इटलीतल्या ला स्काला या नावाजलेल्या संगीतगृहात गायली. तिथं गाणारी ती पहिली काळी गायिका. युरोप डोक्यावर घेत होता, पण जिथं काळ्यांना वेगळं बसवतात तिथं मी गाणार नाही, हे तिचं ठरलेलं. त्यामुळं जन्मगावच्या मोठ्या सभागृहात गायला तिला १९६२ उजाडलं, काळे-गोरे एकत्र बसले तेव्हा. १९७४ च्या जानेवारीत भाच्यानं महापौरपदाची शपथ घेतली, त्या समारंभात ही मावशी गायली. मला वाटतं जॅक्सनचं सगळं धोरण या मावशीकडून आलंय. गळा कितीही थोर असो, ऐकायला कोण बसलंय आणि कुठं बसवलंय, हे आधी विचारायचं.

त्यानं केलं काय? पहिल्याच वर्षी महापालिकेत सांस्कृतिक खातं काढलं. वाचणाऱ्याला वाटेल, हात्तिच्या, खातंच ना! पण दोस्तहो, खात्याची गंमत समजून घ्या. धनिकाच्या मर्जीवर कला असते तेव्हा कलावंतानं त्याच्या घरी जायचं, दिवाणखान्यात ताटकळायचं, बाईसाहेबांचा मूड बघायचा. खातं झालं की अंदाजपत्रकात एक ओळ येते. त्या ओळीवर नगरसेवकाला भांडता येतं, वस्तीतल्या माणसाला जाब विचारता येतो. उपकाराचं हक्कात रूपांतर करायची ही कारकुनी वाट. ती दिसायला रुक्ष, पण तिच्यात बाबासाहेबांची रीत आहे. त्यांनीही दयेच्या जागी कलम आणलं.

या खात्यात मायकल लोमॅक्स हा साहित्याचा तरुण प्राध्यापक आला. पुढं शर्ली फ्रँकलिन नावाची बाई खात्याची प्रमुख झाली, आणि तीच २००२ मध्ये शहराची पहिली स्त्री महापौर. १९७८ मध्ये खात्यानं जॅझचा महोत्सव सुरू केला, फुकट, उघड्या बागेत. जॅझ ही काळ्यांनी जन्माला घातलेली चीज, पण तिकीट परवडत नाही म्हणून काळाच दाराबाहेर, हे त्यानं मोडलं. सरकारी बांधकामाच्या खर्चातला ठरावीक टक्का कलेवर खर्च झाला पाहिजे, असा नियम आला. १९८० मध्ये विमानतळाची नवी इमारत झाली तेव्हा तिच्यात कलाकृती लागल्या. त्याच विमानतळाच्या बांधकामात काळ्यांच्या नि इतर अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना पंचवीस टक्के काम मिळालं पाहिजे, म्हणून जॅक्सन अडून बसला होता. गोरे कंत्राटदार, बँकवाले, पेपरवाले, सगळ्यांनी आरडाओरडा केला. तो हलला नाही.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक जुनी शाळा. शहराच्या दक्षिण अंगाला मेकॅनिक्सव्हिल नावाची काळ्या गरिबांची वस्ती. साठच्या दशकात महारस्ता आणि स्टेडियम यांनी तो सगळा भाग कापून काढला, माणसं उठवली. त्या वस्तीतली शाळेची इमारत मोकळी पडली होती. १९७५ मध्ये तिथं 'नेबरहूड आर्ट्स सेंटर' सुरू झालं. वस्तीचं कलाकेंद्र. त्यांची घोषणाच होती, कलेसाठी कला नाही, माणसांसाठी कला. वर्गखोल्यांत चित्रं, नाच, नाटक, फोटो, लिहायची कार्यशाळा. पोरं शाळेतून सुटली की इकडं. इबॉन डूली हा कवी तिथं होता, टोनी केड बंबारा ही कथालेखिका तिथं लिहायला शिकवत होती. आणि कलावंतांना पगार मिळे. १९७३ चा सीटा नावाचा केंद्र सरकारचा कायदा होता, बेकारांना सार्वजनिक कामावर लावण्यासाठी. मूळ डोक्यात रस्ते, बागा, कचेऱ्या. पण बेकार कवी हासुद्धा बेकारच की! म्हणून अनेक शहरांनी त्या पैशातून कलावंत कामावर घेतले, आणि मेकॅनिक्सव्हिलच्या शाळेलाही तो पैसा लागला. कवीला मानधन नको, रोजी द्या, ही गोष्ट आपल्याकडच्या एकाही साहित्य मंडळाला आजवर सुचलेली मी ऐकली नाही. आपला कवी एका शालीवर वर्ष काढतो. भीमराव कर्डकांच्या जलशानं गावोगाव बाबासाहेब पोचवले, ते कुठल्या सरकारी पैशावर नव्हे. माणसांनी घरची भाकर बांधून दिली म्हणून. त्याचा अभिमान जरूर धरा. पण जलसाकारानं उपाशी राहिलं पाहिजे, असा त्याचा अर्थ काढू नका.

इथवर वाचून कुणी म्हणेल, झालं, जॅक्सनची तसबीर लावू या. थांबा जरा.

१९७० मध्ये अटलांटाच्या सफाई कामगारांनी संप केला, तेव्हा उपमहापौर असलेला जॅक्सन गोऱ्या महापौराच्या विरुद्ध जाऊन कामगारांच्या बाजूला उभा राहिला होता. कचरा उचलणारे जवळजवळ सगळे काळे. त्यांच्याच मतांवर तो पुढं निवडून आला. १९७७ च्या मार्चअखेर त्याच कामगारांनी पगारवाढीसाठी पुन्हा संप केला. आता खुर्चीवर जॅक्सन. तिजोरीत पैसा नाही, म्हणाला. कामावर या नाहीतर नोकरी गेली, अशी मुदत दिली. आणि एप्रिल उजाडता उजाडता नऊशेच्या वर कामगार काढून टाकले. किंग ज्या मेम्फिस शहरात मारला गेला तो सफाई कामगारांच्या संपासाठीच तिथं गेला होता, १९६८ ला. नऊ वर्षांनी त्याच किंगचा म्हातारा बाप महापौराच्या बाजूनं उभा राहिला. काळे व्यापारी, काळे धर्मोपदेशक, सगळे शहाणेसुरते महापौराच्या बाजूनं. पुढं त्यातले बरेच कामगार नव्यानं अर्ज करून, मान खाली घालून कामावर परतले.

आता हे मला कुणी 'राजकीय प्रश्न' म्हणून बाजूला ठेवा, आपण कलेबद्दल बोलतोय, असं सांगू नये. बांधकामातला टक्का कलेला, हा नियमही १९७७ चाच. एकाच वर्षात त्याच नगरपालिकेनं चित्राला टक्का दिला आणि झाडूवाल्याला नकार. मी त्या टक्क्याच्या विरोधात नाही. तो टक्का काढून घेतला असता म्हणून कामगारांचे पगार भागले नसते, एवढं गणित मलाही येतं. पण ज्या वस्तीत कलेची खोली उघडली, त्या वस्तीतल्या बाप्याच्या हातातला झाडू काढून घेतला, तर त्याचं पोरगं संध्याकाळी चित्र काढायला येणार कुठल्या पोटानं? ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांनी मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप केला, तेव्हा संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव, अशी त्यांची भूमिका होती. त्या मापानं जॅक्सन कमी भरतो. आपला असून कमी भरतो. हे आपल्याला म्हणता आलं पाहिजे.

असं होणार, याची खूण एका माणसानं आधीच सांगून ठेवली होती. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्याला पत्र लिहून, काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडं दिलेल्या अर्जाची प्रत मागितली, तोच हा. हा अटलांटाच्या विद्यापीठात दोनदा मिळून वीसेक वर्षं शिकवत होता. १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकात अटलांटावर एक पूर्ण प्रकरण आहे. सोन्याच्या मागं पळताना हे शहर स्वतःला हरवून बसेल, आणि त्याच्या नादानं काळाही तसाच पळेल, ही त्यातली भीती. सत्तर वर्षांनी शहर काळ्यांच्या हातात आलं, तेव्हा ती जुनी होड तशीच चालू होती. 'द्वेष करायला आम्हाला वेळ नाही, आम्ही कामात आहोत' हे अटलांटाचं ब्रीद. कामात म्हणजे धंद्यात.

आणि मग पोरं मरायला लागली. १९७९ च्या जुलैत दोन मुलांची प्रेतं सापडली. पुढच्या दोन वर्षांत जवळपास तीस काळी मुलं नि तरुण मारले गेले. बहुतेक गरिबांच्या घरची. पोरं पळून गेली असतील, वाईट नादाला लागली असतील, असं आयांना ऐकावं लागलं. आयांनी आपली समिती काढली, ओरडा केला, तेव्हा कुठं १९८० च्या जुलैत खास तपास पथक नेमलं. बक्षिसाच्या एक लाख डॉलरच्या नोटांच्या ढिगाशी बसलेल्या जॅक्सनचा त्या वेळचा एक फोटो आहे. तो बघवत नाही. त्याच्या डोळ्यांत खरं दुःख आहे, म्हणून जास्तच बघवत नाही. १९८२ मध्ये वेन विल्यम्स या काळ्या माणसाला दोन मोठ्या माणसांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, आणि पोरांच्या बहुतेक खुनांची दप्तरं त्याच्याच नावावर बांधून ठेवली. कित्येक आयांना ते पटलं नाही. २०१९ मध्ये शहराच्या महापौरानं पुरावे पुन्हा तपासायला काढले, यावरून काय ते समजा.

जेम्स बाल्डविन बाहेरून आला, बघितलं, आणि १९८५ मध्ये त्यावर एक छोटं, धारदार पुस्तक लिहिलं. पण टोनी केड बंबारा त्या शहरातच राहत होती. महापौराच्या शाळेत शिकवलेली, खात्याच्या पैशानं चाललेल्या खोलीत बसलेली. तिनं काय करावं? गप्प बसावं? तिनं बारा वर्षं खपून कादंबरी लिहिली. १९९५ मध्ये ती कॅन्सरनं गेली. टोनी मॉरिसननं हस्तलिखित संपादित केलं आणि १९९९ मध्ये 'दोज बोन्स आर नॉट माय चाइल्ड' छापून आली. साडेसहाशेच्या वर पानं. झाला नावाची आई, तीन-तीन नोकऱ्या करणारी. बारा वर्षांचा मुलगा रात्री घरी येत नाही. सुरुवातीचा भाग बंबारानं 'तू' म्हणून लिहिलाय: तू घड्याळ बघतेस, तू खिडकीशी जातेस. वाचणारा बाप्या असो की बाई, पहिल्या पानापासून आई होतो. मग ती आई नि तिचा नवरा, शेजारी, व्हिएतनामहून आलेले बेकार जवान, सगळे मिळून स्वतःच तपास करायला निघतात, आणि काळ्या महापौराचं, काळ्या पोलीस अधिकाऱ्यांचं शहर त्यांच्यापुढं एकेक दार लावून घेत जातं.

कादंबरी सोपी नाही. नावांची गर्दी आहे, मधली शंभर पानं एखाद्या बैठकीच्या इतिवृत्तासारखी वाटतात. सौंदर्यवादी टीकाकार तेवढ्यावर तिला नापास करील. मला ती गर्दी पटते. ज्यांचा तपास कुणी करत नाही त्यांना सगळ्यांची नावं, गाड्यांचे नंबर, वेळा लिहूनच ठेवाव्या लागतात. अत्याचाराच्या केसमागं पोलीस ठाण्यात हेलपाटे घातलेल्या आपल्या कार्यकर्त्याची वही उघडून बघा, हुबेहूब असंच लिहिलेलं सापडेल.

मुद्दा हा की ही बाई खोलीत बसली, आणि जे दिसलं ते लिहिलं. खोली घेतल्यानं तिची जीभ विकली गेली नाही. पुढं ती फिलाडेल्फियाला गेली. तिथं १३ मे १९८५ ला काळ्या महापौराच्या कारकिर्दीत पोलिसांनी काळ्यांच्याच गल्लीतल्या एका घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला होता. अकरा मेले, त्यात पाच मुलं; एकसष्ट घरं जळाली. तिनं त्याच्या माहितीपटाची संहिता लिहिली. महापौर आपला आहे म्हणून हात थरथरला नाही. आणि हेही नोंदवा: अटलांटातली ती वस्तीची खोली जॅक्सन नसता तर उघडली नसती, आणि जॅक्सनची मापं काढणारी लेखणी त्याच खोलीत वावरली होती. दोन्ही खरं आहे. आपल्या पोरांना यातलं एकच खरं हवं असतं.

आता टिकलं काय ते बघा. सांस्कृतिक खातं टिकलं, नाव बदलत बदलत आजही आहे. जॅझ महोत्सव टिकला, शहराचा मान झाला. टक्क्याचा नियम टिकला. विमानतळावरची चित्रं टिकली. मेकॅनिक्सव्हिलचं कलाकेंद्र १९९० मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी जॅक्सन तिसऱ्यांदा महापौर झाला होता. रीगनच्या काळात सीटाचा कायदा गेला, केंद्राचा पैसा आटला, हे कारण आहेच. पण महोत्सवाला पैसा सापडला. बाहेरगावचा पाहुणा महोत्सवाला येतो, हॉटेलात उतरतो. वस्तीतल्या शाळेत कोण पाहुणा येणार? बागेतला फुकट जॅझ मला प्यारा आहे, तो काढा असं मी म्हणणार नाही. फक्त दिसणारी कला जगली आणि शिकवणारी मेली, हा क्रम लक्षात ठेवा. आपल्याकडं हाच क्रम चालू आहे: चौकात पुतळा, पुतळ्यामागं एलईडी, आणि अभ्यासिकेला कुलूप.

आमच्या वस्तीतली पालिकेची मराठी शाळा बंद होऊन तिसरं वर्ष चाललंय. खालच्या वर्गात मांडवाचे पत्रे ठेवलेत. नगरसेवक आपलाच आहे, जयंतीला निळा फेटा बांधून पहिल्या रांगेत असतो, नि दर वेळी मोठ्या कार्यक्रमाला 'सहकार्य' देऊ म्हणतो. आम्ही या वेळी कार्यक्रम मागितलेला नाही. वरच्या दोन खोल्या, त्यांची वीज, आणि शिकवणाऱ्या दोघांचा महिन्याचा पगार अंदाजपत्रकात लिहून द्या, असा अर्ज केलाय. ठरावाच्या बैठकीला आमच्याबरोबर वॉर्डातल्या कंत्राटी झाडूवाल्यांच्या युनियनचे चार जण येणार आहेत. त्यांचा थकलेला पगार त्याच अर्जात दुसऱ्या क्रमांकावर होता. परवा टाईप करताना तो पहिल्यावर घेतला.